सीडीतला नकाशा

हिराबाईंनी सीडी ड्राइव्हचं बटण दाबलं. ट्रे घरघरत बाहेर आला. त्यांनी तो बोटानं आत ढकलला आणि पुन्हा बटण दाबलं. पुन्हा आला.

“मेला नाई हाये हा,” त्या म्हणाल्या.

हर्षलनं मोबाइलमधून मान वर केली नाही. मागच्या रविवारी रायपूरहून आला तेव्हा आईच्या जुन्या कम्प्युटरवर नवी सिस्टिम त्यानंच चढवून दिली होती. सगळं नीट चाललं, फक्त त्या दिवसापासून ड्राइव्ह स्क्रीनवरून नाहीसा झाला. सीडी घातली तर ती नुसती फिरायची, उघडायला जागाच दिसत नव्हती. हर्षलच्या मते ड्राइव्ह म्हातारा झाला होता. नेहरू नगरचा दुकानदारही तेच म्हणाला होता.

पण उद्या दुर्गच्या कचेरीतल्या सुनावणीला घरातली एक जुनी सीडी हवी होती. जुनवानीतली त्यांची कॉलनी वसली तेव्हा पहिल्या घरमालकांना लेआउटचा नकाशा सीडीवर मिळाला होता. बाकीच्यांच्या सीड्या कुठं गेल्या, कुणाला ठाऊक नव्हतं. सोसायटीचा कागदी नकाशा वाळवीनं खाल्ला, असं सेक्रेटरी गुलाबराव ढोटे सांगत. सरकारी नक्कल मिळायला महिना लागणार होता. आणि जांभळाची सात झाडं उभी असलेली कोपऱ्यातली जागा मुळात बगीच्याची नव्हतीच, ती उरलेली जागा आहे, तिथं मंगल कार्यालय बांधावं, असा गुलाबरावांचा अर्ज होता. त्यावर हिराबाई सोडून सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या.

सकाळीच गुलाबराव येऊन गेले होते. चहा घेतला, हर्षलच्या नोकरीची चौकशी केली, मग कागद पुढे सरकवला.

“हिराताई, तुम्ही एकट्याच कावून अडून बसल्या?”

हिराबाईंनी कागद उलटा करून त्यांच्याच कपाखाली सारला होता.

पोलादाच्या प्लांटमध्ये मीटर-उपकरणांच्या दुरुस्तीत त्यांची एकतीस वर्षं गेली होती. सुरुवातीला चौदा पुरुषांत त्या एकट्या. एखाद्या मीटरचा काटा हलेना झाला की बाकीचे नवा मीटर मागवायचे. हिराबाई आधी वीज पोचते का पाहायच्या, मग तार, मग जोड. दोष सापडेपर्यंत जेवायला उठायच्या नाहीत. त्यांना हट्टी म्हणत. म्हणोत.

ट्रे बाहेर येत होता, म्हणजे वीज पोचत होती. त्यांनी कम्प्युटर बंद करून कॅबिनेट उघडलं, ड्राइव्हची केबल काढून फुंकर मारून परत बसवली. सुरू होताना पहिल्या काळ्या स्क्रीनवर ड्राइव्हचं नाव आलं. म्हणजे केबलही ठीक. यंत्र ड्राइव्हला ओळखत होतं. सिस्टिम आल्यावरच तो गायब होत होता.

“मंग दोष तुह्या सिस्टिममधी हाये,” त्या हर्षलला म्हणाल्या.

आता तो उठून शेजारी बसला. यंत्रांच्या यादीत ड्राइव्ह होता, पण त्याच्या नावावर बिघाडाची खूण, पिवळा त्रिकोण. यादीतून काढून पुन्हा सुरू केलं, त्रिकोण तसाच. दुपार टळली. हर्षलनं मोबाइलवर शोधून शोधून एका ठिकाणी वाचलं, की सीडी लिहायचा जुना प्रोग्राम काढून टाकला तरी त्याच्या दोन नोंदी सिस्टिमच्या पोटात मागे राहतात आणि नवी सिस्टिम तिथंच अडते. असा प्रोग्राम या कम्प्युटरवर होता. हिराबाईंनी आधी सगळ्या नोंदींची प्रत जपून ठेवायला लावली, मग त्या दोन स्वतःच्या हातानं पुसल्या.

कम्प्युटर पुन्हा सुरू झाला. ड्राइव्ह जागेवर होता.

सीडी बराच वेळ अडखळत फिरली. मग नकाशा उघडला. कोपऱ्यात हिरव्या रंगात, ठळक अक्षरांत लिहिलं होतं: सार्वजनिक बगीचा. हर्षलनं आईच्या पाठीवर थाप मारली. हिराबाई हसल्या आणि नकाशा मोठा करत आपल्या घरापर्यंत आल्या. घर क्रमांक चौदा, बगीच्याला लागूनच. नकाशातल्या मापांप्रमाणे घराची हद्द जिथं संपत होती, त्याच्या चार फूट पुढे, बगीच्यात, त्या बसल्या होत्या त्या खोलीची भिंत उभी होती.

ही खोली पुंडलिकरावांनी वाढवली होती. सोसायटीनं परवानगी दिली आहे, असं ते म्हणाले होते. नवऱ्याला कागद दाखव म्हणायचं हिराबाईंच्या मनातही आलं नव्हतं. आता विचारायला ते नव्हते.

हर्षलनं माउस त्या कोपऱ्यावर नेला.

“आई, इतना हिस्सा काट देता हूँ. बगीचा तर दिसूनच राहिला ना.”

हिराबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला. प्रिंटरमध्ये कोरे कागद घातले.

“पूर्ण पान काढ.”

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दुर्गच्या कचेरीत गुलाबरावांनी नकाशाची प्रत हातात घेतली तेव्हा त्यांचा चेहरा आधी उतरला. मग ते चष्मा सावरून वाकले, घर क्रमांक चौदावर आले आणि सावकाश त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला. त्यांनी तिथं बोट टेकवून साहेबांपुढे प्रत धरली. या बाईंनाच आधी विचारा, म्हणाले, यांचं घर कुठवर आहे.

साहेबांनी हिराबाईंकडे पाहिलं. हर्षल खुर्चीत चुळबुळला.

हिराबाई उठून टेबलापाशी गेल्या. पिशवीतून एक अर्ज काढून त्यांनी नकाशावर ठेवला. घर क्रमांक चौदाची भिंत चार फूट मागे घेण्याचा तो अर्ज होता, खाली त्यांची सही, कालची तारीख.

“माह्यं आधी लिहून घ्या साहेब,” त्या म्हणाल्या. “मंग बगीच्याचं बोलू.”