उसनी चाल

पडद्यावर मॅट ड्रिस्कलने शंभरेक माणसं तरी लोळवली असतील. खरं सांगायचं तर त्याने एकालाही बोट लावलेलं नव्हतं. खिडकीतून उडी घेणं, जिन्यावरून गडगडणं, डोक्यावर बाटली फोडून घेणं, हे सगळं गस पेत्राकच्या वाट्याचं. बावीस वर्षं मॅटचा कोट नि टोपी चढवून गसने पाठमोरा मार खाल्ला आणि नाव झालं मॅटचं. एवढंच काय, एक खांदा पाडून चालायची त्याची ऐट, जिची अख्ख्या देशातली पोरं नक्कल करायची, तीही मुळात गसचीच. लांबच्या दृश्यांत गस चाले, म्हणून जवळच्या दृश्यांत मॅटलाही तसंच चालावं लागे.

एका चित्रपटाचं अर्धं चित्रीकरण झालं आणि एका सोमवारी गसच्या जागी चोवीस वर्षांचा तगडा गडी उभा दिसला.

"गस कुठाय?" मॅटने विचारलं.

"गुडघा गेलाय त्याचा. काढून टाकला," स्टुडिओचे मॅनेजर लॅम्बर्ट म्हणाले. "याला तेवढी चाल शिकव."

कॅमेरा सुरू झाला आणि मॅट मुद्दाम ताठ चालला, चर्चला निघालेल्या मास्तरासारखा. पुन्हा घेतलं, पुन्हा ताठ. आधीच्या अर्ध्या चित्रपटाशी काही जुळेना. दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला.

"गसला बोलवा," मॅट म्हणाला. "पडायला नको, नुसता चालेल."

"हट्ट केलास तर बिनपगारी घरी बसवीन. जितके महिने बसशील, तितके तुझ्या करारात वाढतील, दुसरीकडेही काम करता येणार नाही. पन्नाशी उलटलीय तुझी. परत येशील तेव्हा कुत्रं विचारणार नाही."

"बसवा."

"त्या लंगड्यासाठी?"

"तोंड सांभाळा, लॅम्बर्टसाहेब. लोक तिकीट काढतात ते त्याच्या पाठीसाठी. माझं नुसतं थोबाड."

लॅम्बर्ट शब्दाला जागले. संध्याकाळच्या आत स्टुडिओतल्या मॅटच्या खोलीवरची त्याच्या नावाची पाटी उतरली.

मॅट तडक गसच्या घरी गेला. बातमी आधीच पोचली होती. पाय खुर्चीवर टाकून बसलेला गस त्याला पाहताच भडकला.

"अक्कल गहाण टाकलीस काय? माझं झालं ते झालं. तू कशाला पायावर धोंडा मारून घेतलास?"

मॅट शेजारी बसला. भीती त्यालाही वाटत होती. दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं. पण आज त्याला स्वतःची लाज वाटत नव्हती.

"बावीस वर्षं माझ्या वाटचा मार तू खाल्लास," तो म्हणाला. "आज एकदा माझा मी खाल्ला. खाऊ दे की."