झाकणावरचं नाव

नमुन्यावर माणसाचं नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक. नांदेडच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं मी हा नियम प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगत आले. मोडला तो मीच. एका डिशच्या झाकणावर मी ‘महामाया’ असं लिहिलं.

महामाया माझी भाची, धाकट्या बहिणीची, वर्षाराणीची, मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. तिला थॅलेसेमिया आहे. लातूरला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. तिच्या रक्तातल्या पेशींपासून मी मूलपेशी तयार केल्या होत्या. त्यांच्या जनुकातली चूक कापून दुरुस्त करायची आणि त्यांतून निरोगी रक्त घडतं का ते पाहायचं, एवढंच काम. उपचार अजून फार लांब होता.

दुरुस्त केलेल्या पेशी पाचव्या दिवशी मरत. सात डिश मेल्या, सगळ्यांवर तेच नाव; दर वेळी सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान. पोषक द्रव, तापमान, हवा, सगळं तपासलं. वहीत सातही वेळा एकच वाक्य आहे : ‘संसर्ग नाही. कारण कळत नाही.’ शेजारच्या, क्रमांक घातलेल्या डिश जिवंत असत.

चाकूरहून माय आली होती. रविवारी तिला प्रयोगशाळा दाखवायला नेलं. तिनं यंत्रांकडे पाहिलंच नाही, झाकण वाचलं.

“पोरीचं नाव कशाला लिवलंस गं?”

“माझ्या लक्षात राहावं म्हणून.”

“तुझ्या ऱ्हातंय तसं दुसऱ्याच्या बी ऱ्हातंय की.”

“माय, बाबांनी हे ऐकलं असतं तर?”

“तुझ्या बाबांनी घरातले देव गंगेत सोडले. माझं नाव न्हाई सोडलं. कोंडाबाईच म्हणायचे मला.”

गोष्ट मला ठाऊक होती. तिच्या आधीची तिन्ही भावंडं पाचवीच्या दिवशीच गेली. म्हणून ती जन्मताच तिला शेजारच्या शांतम्माला पसाभर कोंड्यावर विकली आणि तेवढ्याच कोंड्यावर परत घेतली. कोंड्याला न्यायला कोण येणार?

“म्हून मी हाय,” जिना उतरताना ती म्हणाली. “शांतम्माची पोर मातर त्याच आठवड्यात गेली. लई गोरीपान व्हती म्हणं.”

सोमवारी मी आठवी डिश लावली आणि झाकणावर ‘कोंडा’ लिहिलं. मायनं चाळणीतला कोंडा रुमालात बांधून दिला होता, तो खणात ठेवला. मला हसूही आलं.

शुक्रवारी पावणेदहाला मी सूक्ष्मदर्शकात पाहत होते. पेशी जिवंत होत्या. वसाहतींच्या कडा नितळ, वाढत्या. चौदा वर्षांत इतकं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला.

“ताई, माया उठंनाच झालीय,” वर्षाराणी रडत होती. “नऊ वाजल्यापासून. दवाखान्यात आणलंय. पांढरीफट्ट पडली. डॉक्टर म्हणतेत, संसर्ग नाही, कारण कळत नाही.”

शब्दसुद्धा माझ्या वहीतले.

मला शांतम्माची पोर आठवली. पुढचं मी विचार करून केलं नाही, हे इथे नोंदवते. फोन कानाशी धरूनच स्पिरिटच्या बोळ्यानं ‘कोंडा’ पुसलं, ‘महामाया’ लिहिलं आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकात पाहिलं. डाव्या कडेच्या पेशी आधी गोल झाल्या, तळ सोडून तरंगू लागल्या. मग त्यांच्या पलीकडच्या. मग त्यांच्या पलीकडच्या. ओळीनं, कुणी बोट फिरवत वाचत जावं तशा. शेवटची सुटली तेव्हा वर्षाराणी ओरडली, “ताई, डोळे उघडले! पाणी मागायलीय!”

याला दोन वर्षं झाली. दर पाचव्या दिवशी एक डिश मरते. ती मरण्याआधी दुसरी नाव घालून तयार असते. मी रजा घेत नाही. न टिकणाऱ्या पेशी पुन्हापुन्हा का बनवता, असं समितीनं विचारलं. कारण शोधतेय, म्हणाले. एकदाच, एका डिशवर नाव न लिहिता पाहिलं तर खरं काय ते कळेल. एका घटनेवरून निष्कर्ष काढू नये, हे मीच शिकवते. तो प्रयोग मी केलेला नाही.

माझ्या निवृत्तीला नऊ वर्षं उरली आहेत. तेव्हा महामाया वीस वर्षांची असेल. गेल्या आठवड्यात तिनं फोनवर विचारलं, “मावशी, मला शिकवशील का तुझं काम?”

शिकवीन म्हणाले. आधी अक्षर सुधार.