पट्ट्याचं कापड

माप घेताना श्वास रोखून उभं राहायचं, ही सुनेची नवी खोड आक्काला मुळीच पटली नव्हती. टेप कंबरेला लागला की पोरगी छाती वर ओढायची, पोट पाठीला नेऊन चिकटवायची आणि समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत राहायची, जणू कोणी फोटोच काढतंय. आक्काने आजवर निम्म्या गल्लीची मापं घेतली होती. लठ्ठ बायका पोट आत घेतात, रोड बायका फुगवतात, यात तिला नवीन काही नव्हतं. पण ती झाली गिऱ्हाइकं. घरच्या माणसाने टेपाशी खोटं बोलायचं म्हणजे काय?

"सोड," आक्का म्हणाली.

"काय सोडू?"

"श्वास. टेप आहे, साप नाही."

"सोडलाय की, आई."

"हा सोडलेला? मग मी उद्यापासून नाटकात काम करते."

सून हसली, पण हसू ओठांवरूनच परत गेलं. आक्काने आकडा बघितला आणि काही न बोलता टेबलाच्या कडेवर खडूने लिहून ठेवला. शाळेतून तिचं नाव फार लवकर काढलं होतं. आकडे तेवढे तोवर हाती लागले होते, पुढचं सगळं कात्रीने शिकवलं.

ज्या कापडासाठी हे माप घेतलं, त्याची भानगड अशी होती. सून चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. दुकान मोठ्या जागेत जाणार होतं, म्हणून मालकिणीने सगळ्या मुलींना एकसारखा निळा ड्रेस ठरवला होता, कंबरेला त्याच कापडाचा रुंद पट्टा. प्रत्येकीने आपल्या मापाचा नंबर सांगायचा. त्या नंबराला लागेल तेवढंच कापड मिळायचं आणि सोबत पॅटर्नचा पातळ कागद, ज्यावर सगळ्या नंबरांच्या रेघा एकात एक छापलेल्या. बारक्या नंबराची रेघ ठिपक्यांची, मोठ्याची सलग. सुनेने बारका नंबर सांगून कापड आणलं होतं.

"बारका कशाला सांगितलास?" आक्काने कागद टेबलावर पसरत विचारलं. "दोन नंबरांच्या मधे बसतेस तू. छातीला बारका, कंबरेला मोठा. बिना टेपाची सांगते."

"नेहमी बारकाच बसतो मला."

"नेहमीचं राहू दे. आज काय ते बघ."

"सगळ्या मुलींसमोर विचारलं हो. तोंडातून बारकाच निघालं." मग घाईघाईने, "तुम्ही ठिपक्यांवरूनच कापा ना, आई. मी घालीन बरोबर."

नखरे, असं आक्काने ठरवून टाकलं. काउंटरवर उभ्या राहणाऱ्या पोरी, एकमेकींच्या कंबरा बघत असणार.

पण दुसऱ्या दिवशी दोरीवरचे कपडे काढताना सुनेच्या पायजम्याची नाडी तिच्या हाताला लागली. नाडी खोटं बोलत नाही. रोज जिथे गाठ बसते तिथे ती चुरगळते, आणि धुतली तरी चुरगळ जात नाही. या नाडीवर जुन्या गाठीची चुरगळ मधेच सुटून राहिली होती, आणि नवी गाठ पार टोकाशी सरकली होती. आक्काने दोन्हींमधलं अंतर बोटांनी मापलं. पुन्हा मापलं. मग नाडी मुठीत धरून ती गच्चीवरच्या कठड्यापाशी नुसती उभी राहिली.

कारण पोट सुटलं असतं तर तोंडावर मांस दिसलं असतं. पोरीचं तोंड सुकलं होतं. गळ्याची हाडं वर आली होती. ताटातलं अर्धं परत जात होतं. अंग वाळतंय आणि पोट वाढतंय, हे आक्काने एकदा पाहिलेलं होतं. तिची थोरली बहीण दर थोड्या दिवसांनी झगे सैल करून घ्यायला यायची आणि दोघी त्यावरून हसायच्या. पोटात गाठ होती हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. शेवटचा सैल केलेला झगा आक्काने घडी करून तसाच परत आणला होता.

दुसरी शक्यता मनात आली नाही असं नाही. आली, आणि आक्काने तिला दारातूनच वाटेला लावलं. दोनदा ती या घरात येऊन गेली होती. पहिल्या वेळी आक्काने गल्लीभर सांगितलं होतं आणि हौसेने मोठ्या घेराचा झगा शिवून ठेवला होता. तो अंगाला न लागताच ट्रंकेच्या तळाशी गेला. दुसऱ्या वेळी कोणाला चकार शब्द सांगितला नाही, तरी जायचं ते गेलंच. त्यानंतर घरात त्या विषयाला कुलूप होतं. मुलगा ट्रकवर, लांबच्या फेऱ्यांना. घरी आला की तोही त्या कुलपाला वळसा घालूनच जेवायला बसायचा.

आणि तसं काही असतं तर पोरीने सांगितलं नसतं का? मला नाही सांगणार?

म्हणजे गाठच.

विचारायचं तर एक वाक्य. पण जिच्या जिभेला गल्ली टरकून असायची, तिची जीभ टाळ्याला चिकटली. विचारलं आणि तिने "हो" म्हटलं तर? सकाळी समोरच्या इस्त्रीवालीने हाक मारली, "आक्का, आज कोणाला काही बोलला नाहीत! बरं आहे ना?"

"तुझा नंबर यायचाय, थांब," आक्का म्हणाली. पण त्यात दम नव्हता, आणि इस्त्रीवाली गरम इस्त्री हातात धरून तिच्याकडे बघतच राहिली.

सुनेच्या सुट्टीच्या दिवशी आक्काने जुनी पांढरी चादर काढली. मोजून मिळालेल्या कापडाला एकदम कात्री लावायची नसते. आधी फाटक्या-जुन्यावर कापून कच्च्या दोऱ्याने टाचायचं, अंगावर चढवून बघायचं. तिने मुद्दामच सुनेच्या म्हणण्याप्रमाणे ठिपक्यांच्या रेघेवरून कापलं. बघू, किती वेळ श्वास धरते.

सून खिडकीजवळ उभी राहिली. चादरीचा ड्रेस छातीला चपखल बसला, खांद्यांना बसला. कंबरेला तो ताणून बसला होता. सुनेची नजर खिळ्यावर.

"हात वर कर."

तिने केले.

"आता खाली. आता बोल काहीतरी."

"काय बोलू?"

एवढं बोलायला श्वास सोडावा लागला, आणि डाव्या बाजूचा कच्चा दोरा तटकन तुटला. टाके एकामागून एक सुटत काखेपर्यंत गेले. आक्का तोंडात टाचण्या धरून खाली बसली आणि उघड्या पडलेल्या शिवणीला टाचण्या लावू लागली. बोटं थरथरत होती. एवढ्या वर्षांत टाचणी लावताना तिची बोटं कधी थरथरली नव्हती. सुनेच्या पोटावरचं कातडं तिच्या मनगटाला लागलं, टणक आणि गरम. बहिणीचंही असंच लागलं होतं का? आठवेना. आठवू नये असंच वाटत होतं.

"जा, काढून ठेव. सांभाळून, टाचण्या आहेत."

सून आतल्या खोलीत गेली. आक्का जमिनीवरच बसून राहिली. आतून कपडा काढल्याची सळसळ आली, मग काहीच येईना. भांडं वाजेना, पाऊल वाजेना.

"काय गं?"

आक्का उठून आत गेली. सून पलंगाला टेकून जमिनीवर बसली होती. ओठ पांढरे, मांडीवर चादरीचा ड्रेस. ड्रेसच्या मागच्या बाजूला, कंबरेच्या बरंच खाली, लाल डाग होता. ओला.

"आई," सून म्हणाली. आवाज असा, की कोणी विहिरीतून बोलतंय. "पुन्हा झालं."

पुन्हा.

तेवढ्या एका शब्दाने आक्काला सगळं कळलं. श्वास का रोखत होती, सगळ्यांसमोर बारका नंबर का सांगितला, अन्न का जात नव्हतं. आणि कळता कळताच ते हातातून निसटलंसुद्धा, कारण डाग समोर होता. ती सुनेशेजारी मटकन बसली आणि तिने तो कपडा ओढून घेतला.

डाग ती बघत राहिली. शिवणारीचे डोळे घाबरले तरी उलट-सुलट बघायचं सोडत नाहीत. डाग सुलट बाजूला होता. तिने कपडा उलटा केला, आतून तो कोरा होता. म्हणजे बाहेरून लागलेला. त्याच्याच शेजारी अंगठ्याचा एक पुसट लाल ठसा.

आक्काने आपला डावा हात उलटा करून बघितला. मधल्या बोटाला टाचणी लागली होती. सुईने राठ झालेलं ते बोट, दुखलंसुद्धा नव्हतं. रक्त ओघळून नखाशी सुकत आलं होतं.

"माझं आहे," ती म्हणाली. "हे बघ! अगं, माझं रक्त आहे हे!" आणि सुनेचा विश्वास बसावा म्हणून तिने बोट दाबून आणखी एक थेंब काढून दाखवला. "ऊठ. न्हाणीघरात जाऊन बघून ये. ऊठ म्हणते ना!"

सून भिंतीला धरून गेली. दार लागलं. आक्का बोट मुठीत दाबून दाराकडे बघत राहिली. नळ सुटला, बंद झाला. तेवढ्या वेळात आक्काला जेवढी भीती वाटली तेवढी बहिणीच्या उशाशी बसतानाही वाटली नव्हती. तेव्हा काय होणार ते ठाऊक तरी होतं.

दार उघडलं.

"नाही," सून म्हणाली. "काही नाही." आणि मग ती रडली.

आक्काने तिला रडू दिलं. मग पदराने तिचं तोंड पुसत विचारलं, "कितवा?"

"चौथा लागलाय."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"गेलेच नाही."

"गेलीच नाहीस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"गेलं की त्या सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघतात आणि गप्प होतात," सून म्हणाली. "दोन्ही वेळा तसंच. आधी बोलत असतात, पाऊस, रस्ता, काहीही. मग एकदम गप्प. मला ते गप्प होणं पुन्हा बघायचं नव्हतं, आई."

"हलतं का?"

"हलल्यासारखं वाटतं. मग वाटतं, मीच थरथरतेय."

बहिणीच्या गाठीचं आक्का बोलली नाही. तेही असू शकतं, तेही नसू शकतं. संध्याकाळी दवाखान्यात जाईपर्यंत ती भीती एकटीने सांभाळायची, एवढं तिने मनाशी ठरवलं आणि उठून टेबलाशी गेली. हाताला काम हवं होतं.

तिने निळं कापड पसरलं, त्यावर पॅटर्नचा कागद ठेवला आणि खडू घेतला. काखेपाशी ठिपक्यांच्या रेघेवरून निघायचं आणि कंबरेकडे येता येता तिरकं होत सलग रेघेवर जाऊन मिळायचं. दोन नंबरांच्या मधलं अंग असंच बसवतात. पण कापड बारक्या नंबराचं होतं. कंबरेला सलग रेघ गाठेपर्यंत काठ संपत होता, मग शिवणीच्या आत माया म्हणून जादा कापड ठेवायचं ते कुठून? तिने कागद फिरवून बघितला, आडवा धरून बघितला. कुठूनच निघेना. एका कडेला पट्टा आखलेला होता, लांब आणि रुंद.

आक्काने पट्ट्याच्या मधोमध खडूची रेघ मारली. दोन पट्ट्या. एक या कुशीला, एक त्या कुशीला, काखेशी निमुळत्या आणि खाली रुंद. जमत होतं.

कात्री मात्र उचलवेना. पहिल्या खेपेला मोठं कापलं होतं. मोठं कापलं म्हणून काही जात नाही, हे काय तिला कळत नव्हतं? कळत होतं. तरी कात्रीवरचा हात तसाच.

"आई," सून दारातून म्हणाली. तिलाही तेच आठवलं होतं. "बारकंच कापा. पहिल्या वेळी तुम्ही…"

"पहिल्या वेळी काय? माझ्या कात्रीने नेलं का?"

बोलून गेल्यावर आक्काला समजलं, की हे आपण सुनेला नाही विचारलं. मग तिने कात्री उघडली आणि चालवली. पट्टा उभा चिरत गेला. त्या आवाजाला सुनेने डोळे मिटले.

"पट्टा कुठे म्हणून विचारतील हो दुकानात," ती डोळे मिटूनच म्हणाली. "सगळ्या मुलींना असेल आणि मलाच नसेल. काय सांगू?"

"सांग, सासूने कापड बिघडवलं."

सुनेने डोळे उघडले. इस्त्रीवालीने एकदा वाकडी शिवण म्हणून ब्लाऊज परत आणला होता, तेव्हा या बाईने तिचा खांदाच वाकडा आहे हे आरशासमोर उभं करून तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

"तुम्ही? आणि बिघडवलं?"

"बिघडवलं. म्हातारी झाली, डोळ्यांना दिसत नाही, पट्टाच चिरून बसली. मालकिणीला म्हणावं, चष्मा द्या तिला." आक्काने दोन पट्ट्या हातावर घेतल्या, कुशीच्या कडांना लावून बघितल्या आणि आतल्या बाजूला चार बोटं कापड मोकळं सोडून टाचण्या लावायला सुरुवात केली. "आणि आता ऐक माझं. संध्याकाळी दवाखान्यात तू आत जाशील तेव्हा मी बाहेर बाकावर बसणार नाही. पडद्यासमोर बसणार. डॉक्टरीणबाई गप्प झाल्या तर मी बोलेन, माझी जीभ कशासाठी आहे? काय असेल ते दोघी ऐकू. पण या घरात आजपासून पोट आत ओढून कोणी उभं राहायचं नाही. चार बोटं ठेवलीत आत, लागतील तशी उसवत जाऊ, नाही लागली तर मी बघून घेईन. ये इकडे, नीट माप घेऊ दे. आणि श्वास सोड, पोरी. सगळा सोड."