खाली म्हणजे नीचे

आमच्या सोसायटीतला जनरेटर रुसला की लोक मेकॅनिकला फोन करत नाहीत, आमचं दार बडवतात. बडवतातच, कारण लाइट गेल्यावर बेल वाजत नाही. "अच्युत साब हैं?" अच्युत साब म्हणजे माझे यजमान. सगळी नोकरी इथे भोपाळात, पिपलानीच्या कारखान्यात काढली, रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि बाग सेवनियात हा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. मला वाटलं होतं, आता माणूस घरात बसेल, पेपर वाचेल, फार तर मेथी निवडून देईल. कसलं काय! आल्याआल्या सोसायटीनं त्यांच्या गळ्यात जनरेटर बांधला. कारखान्यातला माणूस, त्याला मशीन कळणारच, नाही का? लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या म्हटल्या की आमच्याकडे पीठ मळून तयारच असतं.

अशी व्यवस्था कोणी केली देव जाणे, पण मशीन तळघरात आहे आणि त्याचं पॅनल वर, गेटजवळच्या मीटरच्या खोलीत. पॅनलवर कंट्रोलर नावाची एक डबी आहे, तिला छोटा स्क्रीन आणि बटणं. ऑफ, मॅन्युअल, ऑटो. ऑटोवर ठेवलं की लाइट गेल्यावर मशीन आपलं आपण सुरू होतं, कोणाला विचारत नाही. मला हे पाठ आहे, कारण यांनी ते सगळ्या सोसायटीला शिकवलं, गार्ड लोकांना उभं करून शिकवलं आणि जेवताना मला शिकवलं.

"मालती, ऑटोवरचं मशीन बंद नसतं. ते नुसतं वाट बघत असतं."

"बरं. आमटी वाढू का?" मी म्हणायची.

गार्डना त्यांनी एक नियम तर अगदी घोटून घेतला होता. कंट्रोलर ऑफवर दिसला तर आपल्या मनानं ऑटो करायचा नाही. मशीनपाशी कोणी आहे का, ते आधी विचारायचं. हल्के नावाचा आमचा दिवसाचा गार्ड सागरकडचा, भला माणूस. त्यानं तो नियम पाळला, हे मी आधीच सांगून ठेवते.

आता माझ्या हिंदीबद्दल. मी नागपूरची, लग्न होऊन भोपाळला आले त्याला आता जन्म लोटला. पण घरात आम्ही मराठीच बोलतो आणि बाहेर मी जे बोलते त्याला हिंदी म्हणायला बिट्टन मार्केटचे भाजीवालेसुद्धा तयार नाहीत. घाई असली की तोंडातून मराठीच निघते. तिच्या शेवटी 'है' लावलं की झाली हिंदी. इतकी वर्षं निभावलं, कोणाचं काही बिघडलं नाही.

जूनचा महिना होता आणि पावसाचा पत्ता नव्हता. त्या आठवड्यात लाइट नुसती ये-जा करत होती. आमच्या वरच्या मजल्यावर सुचेता राहते. तिचे वडील काशिनाथराव ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. लाइट गेली आणि जनरेटर लागला नाही की तिला लगेच छोटं सिलिंडर जोडावं लागतं आणि ती कावरीबावरी होते. तिचा काय दोष? आणि तिचा जीव घाबरला की हे धावणार. दोन जिने खाली, तळघराचा उतार, मग परत वर. यांचे गुडघे काही कारखान्याचे नाहीत, की नवे मागवले. मी रोज ओरडायची. ओरडून ओरडून मलाही शीण आला होता, म्हणून नंतर ओरडणं सोडलं आणि नुसती तोंड फिरवून घ्यायला लागले.

त्या दुपारी जेवणं झाली नव्हती. जनरेटरचा पट्टा किंचाळतोय, सैल झालाय, बघून येतो, असं म्हणून हे गेले. मी कुकर लावला होता आणि दुसऱ्या शेगडीवर वरणाला फोडणी घालत होते. तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला आणि स्वयंपाकघराची भट्टी झाली. वरून सुचेताच्या पावलांची धावपळ ऐकू आली. मग माझा मोबाइल वाजला. हल्के होता.

झालं होतं असं. हे गेटजवळ पॅनलपाशी गेले तेव्हा हल्के केबिनमध्ये नव्हता, मागच्या फाटकातून पाण्याचा टँकर आत घेत होता. यांनी कंट्रोलर ऑफवर केला आणि तळघरात उतरले. इकडे लाइट गेल्यावर सुचेतानं हल्केला फोन केला, जनरेटर का नाही लागला म्हणून रडवेली झाली. हल्के धावत पॅनलपाशी आला, बघतो तर ऑफ. मग त्यानं शिकवल्याप्रमाणे विचारलं.

"आंटी, साब जनरेटर रूम में हैं का?"

एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात मोहरीचा डबा, तेल तापून धूर निघतोय. मी म्हटलं, "खाली है, खाली!"

म्हणजे खाली आहेत. खालीच आहेत. यात काय विचारायचं?

"जी आंटी," हल्के म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानं ऐकलं, खोली रिकामी आहे. दोनदा ऐकलं. खात्री झाली आणि त्यानं कंट्रोलर ऑटोवर केला.

मग जनरेटर सुरू झाल्याचा घरघराट आला, पंखा फिरायला लागला आणि मी, ऐका, मी पंख्याखाली जाऊन उभी राहिले. पदरानं मान पुसली. सुटलो बाई, असं मला वाटलं. ते सुख मला अजून आठवतं आणि आठवलं की अंगावर काटा येतो, कारण त्याच वेळी यांचा हात पट्ट्यात होता.

ओरडणं मी ऐकलंच नाही. ते हल्केनं ऐकलं आणि पॅनलवरचं लाल बटण दाबून मशीन थांबवलं. मी जिना कसा उतरले ते मला सांगता येणार नाही. हे तळघराच्या उतारावर बसले होते आणि उजवा हात डाव्या हातात धरून म्हणत होते, "काही नाही, काही नाही." सुचेतानं वडिलांना शेजाऱ्यांवर सोपवून गाडी काढली. दवाखान्यात तर्जनीचं पहिलं पेर गेलं. मधलं बोट शिवून वाचवलं. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात, मनगट जायचं. मी त्या नशिबाला हात जोडले आणि बाहेर बाकावर बसून खूप रडले.

चूक कशात झाली, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. हल्के बिचारा ज्याला त्याला सांगत होता, "आंटी ने कहा खाली है." आधी लोक हळहळले. मग यांच्या जिवाला धोका नाही असं कळलं आणि हळहळ ओसरली. उरला तो किस्सा. आठवड्याभरात तो सोसायटीतल्या प्रत्येकाच्या तोंडी झाला. जिन्यात पिंकी नावाची एक कॉलेजची मुलगी मैत्रिणीला सांगत होती, मला बघून गप्प झाली. आमचे अध्यक्ष दुबेजी नारळपाणी घेऊन यांना भेटायला आले. जाताना मला म्हणाले, "भाभीजी, अब तो भोपाल की हो जाइए." मी हसले. काय करणार? दार लावलं आणि भिंतीला डोकं टेकून उभी राहिले.

मुलगी मानसी पुण्याहून रोज फोन करायची. "आई, तू मुद्दाम केलंस का? कोणाच्याही तोंडून गेलं असतं." कोणाच्याही तोंडून गेलं असतं, पण गेलं माझ्या. यांना मी डाव्या हातानं जेवताना बघायची. भात सांडायचा. सदऱ्याची बटणं मी लावायची. हे कधी एका शब्दानं बोलले नाहीत, आणि ते बोलत नव्हते म्हणून मला जास्त लागत होतं. घरात 'खाली' म्हणायची वेळ आली की माझी जीभ अडखळायची. खाली पडलं, खाली ठेव, खाली बस. किती वेळा लागतो हो हा शब्द! तो गिळून गिळून मी दमून गेले.

मग रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग ठेवली. विषय एकच, हल्केला ठेवायचा की काढायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तयारी दिसत होती. हल्के खांबाला टेकून उभा होता, टोपी हातात घेऊन. त्याची बायको-मुलं सागरला, त्याच्या पगारावर जगणारी. मी रात्रभर मनातल्या मनात हिंदी वाक्यं जुळवली होती. त्याने विचारलं होतं, चूक माझी, शिक्षा त्याला का? मग आठवलं, शिक्षा म्हणजे हिंदीत शिक्षण. आता हसूही येईना. 'सज़ा' म्हणायचं, असं घोकून गेले.

दुबेजींनी बोलायला सुरुवात केली. मी खुर्चीवरून उठले. "एक मिनिट, दुबेजी. हल्के ने पूछा था..."

"मालती, बस," हे म्हणाले. आणि बँडेजचा हात वर करून स्वतः उठले.

यांची हिंदी माझ्यापेक्षा चांगली. शांतपणे म्हणाले, "हल्के की गलती नहीं है. इनकी भी नहीं है. मैंने बैटरी का तार नहीं निकाला था. लाल बटन भी नहीं दबाया था. सिर्फ ऑफ किया और उतर गया. तार निकला होता, तो ऊपर कोई कुछ भी दबाता, मशीन हिलती नहीं."

दुबेजी चाचरत म्हणाले, "पर भाभीजी ने तो खाली..."

"भाभीजी भरा है कहतीं, तब भी तार तो लगा ही था. यही सबको सिखाता हूँ मैं. ऑफ पर भरोसा नहीं, तार निकालो. खुद नहीं किया." आणि खाली बसले.

हल्केची नोकरी राहिली. लोक पांगले. कोणी माझ्याकडे बघून ओशाळं हसलं, सुचेतानं माझा हात दाबला. मला मोकळं वाटायला हवं होतं. छातीवरचा धोंडा सगळ्यांसमक्ष उचलून बाजूला ठेवला होता यांनी. पण मी जिना चढत होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हा माणूस घरातला बल्ब बदलताना मेन स्विच बंद करतो. मिक्सर धुताना मी प्लग काढला का, म्हणून दोनदा विचारतो. यानं तार काढली नाही?

घरात आल्यावर पाणी दिलं आणि विचारलं, "मला वाचवायला खोटं बोललात का?"

"नाही गं."

"मग का नाही काढली?"

यांनी ग्लास खाली ठेवला. "पाना लागतो त्याला. पाना इथे होता, कपाटात. तळघरात उतरल्यावर लक्षात आलं. परत दोन जिने चढायचे, परत उतरायचं. कंटाळा आला, मालती. एवढंच."

"मला फोन करायचा. मी आणून दिला असता."

"तू तरी किती करशील? सकाळपासून उभी होतीस. तुझ्याकडे बघितलं तर तूही माझ्यासारखीच दिसत होतीस."

मी तिथेच बसले, त्यांच्या शेजारी. इतके दिवस मी देवाला म्हणत होते, हे माझ्यामुळे झालेलं नसू दे. आणि आता मला वाटत होतं की माझ्यामुळेच झालं असतं तर फार बरं होतं. माझा शब्द चुकला असता, तर मी तो सुधारला असता. नीचे म्हटलं असतं. म्हातारपणी हिंदीची शिकवणी लावली असती. पण हे थकलेत, इतके थकलेत की ज्या गोष्टीवर आयुष्यभर लोकांना दरडावलं तीच यांनी सोडून दिली, याला मी काय करू? मला भीती वाटली. दवाखान्यातल्या बाकावर वाटली नव्हती इतकी वाटली.

"जनरेटरच्या खोलीची किल्ली द्या," मी म्हटलं. "मी दुबेजींना देऊन येते. माणूस ठेवा म्हणावं."

मी भांडणाच्या तयारीत होते. या घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा यांनी कधी सुखासुखी दिलेला नाही. आता म्हणतील, त्या अडाण्यांच्या हातात मशीन देऊ का? म्हणतील, तुला काय कळतं? मी उत्तरंही योजून ठेवली होती.

यांनी डाव्या हातानं खिसा चाचपला. किल्ली उजव्या खिशात होती, हात पोहोचेना, म्हणून थोडे कलले, आणि मीच काढावी म्हणून तसेच थांबले.

मी किल्ली काढून घेतली. हे एकदा तरी नाही म्हणाले असते, तर मी जिना उतरले असते. मी किल्ली मुठीत धरून तिथेच बसून राहिले आणि यांनी माझ्या खांद्यावर मान टाकून डोळे मिटले.