लोणी काढणारी मोटरसायकल

क्रूमने मोटरसायकलभोवती दोन फेऱ्या मारल्या, साखळीवर बोट फिरवलं, ते पँटला पुसलं आणि म्हणाला, "ताई, आता खरं सांग. खोट काय आहे हिच्यात?"

तो प्लोवदिव शहरातून गाडी विकत घ्यायला म्हणून बघायला आला होता. जाहिरातीत मी दोन्ही बाजू लिहिल्या होत्या. वजनाला हलकी, जमिनीपासून उंच, टाकी मोठी. सिलिंडर एकच, त्यामुळे बिघडण्यासारखं फार काही नाही, आणि बिघडलं तर पान्हा आणि तारेचा तुकडा पुरतो. मग दोष: सीट उंच आणि फळीसारखी कडक, हायवेवर दम लागतो, माझ्या आधी दोन मालक, एकसष्ट हजार किलोमीटर.

"थरथरते," मी म्हणाले.

"एका सिलिंडरची थरथरणारच! एवढंच ना?"

"एवढंच."

जीवरसायनशास्त्राची पदवी घेऊन मी रोदोपीच्या डोंगरात रक्ताचे नमुने गोळा करायचं काम धरलं होतं. त्या मार्चमध्ये दरड कोसळली आणि सोकोलीत्सा गावाचा रस्ता दरीत गेला. टेलिफोनच्या तारा त्याच्याबरोबरच गेल्या, मोबाइल तिथे आधीपासूनच लागत नव्हता. जिथे डांबर संपायचं तिथे लोखंडी अडसर लावला गेला आणि पुढे नऊ किलोमीटर उरली मेंढ्यांची वाट. वर अकरा माणसं राहत होती. मोटार जाऊ शकत नव्हती, म्हणून मी ही जुनी गाडी घेतली. चिखल, ओढा, सुटे दगड, कशालाही ती अडली नाही. अडसरापासून गावापर्यंत बावीस मिनिटं.

स्तोयना आजी ब्याऐंशी वर्षांची होती. हृदय थकलेलं, पाय सुजलेले. अंगातलं पाणी उतरवायला तिला एक गोळी होती. ती जास्त झाली तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं, कमी झाली तर फुफ्फुसात पाणी भरतं. शहरातल्या डॉक्टरीणबाईंना फक्त एक आकडा हवा होता, पोटॅशियमचा. तो आणणं माझं काम.

पहिल्या नमुन्यावर प्रयोगशाळेची चिठ्ठी आली: रक्तपेशी फुटलेल्या, नमुना पुन्हा पाठवा. पेशी फुटल्या की त्यांच्या आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकड्याला काही अर्थ राहत नाही. मला वाटलं, सुई बारीक होती. दुसऱ्या वेळी जाड सुई वापरली. तिसऱ्या वेळी दुसरा हात, आणि रक्त अगदी सावकाश ओढलं.

"पोरी, अजून किती काढशील?" आजी म्हणाली. "गाईलासुद्धा दिवसातून दोनदाच पिळतात."

"आजी, माझंच चुकतंय कुठेतरी."

"चुकू दे. तेवढाच तुझा फेरा होतो इकडे."

तिला मागे बसवून खाली न्यायचाही प्रयत्न केला. शेजारच्या कोस्तादिनकाकांनी तिच्यासाठी दूध काढायचं स्टूल ठेवलं. पण एवढ्या उंच सीटवरून तिचा पाय काही पलीकडे जाईना. ती स्टुलावर उभी राहून हसत सुटली आणि हसता हसता तिला धाप लागली. पाळीपाळीने उचलून न्यायचं तर वर धड चार खांदे नव्हते, आणि गाय सोडून यायला ती तयारही नव्हती.

दर वेळी ती मला लिंबूपाण्याच्या बाटलीत दूध द्यायची, पाऊण बाटली, वर दाट साय. घरी पोचेपर्यंत बाटलीच्या गळ्याशी लोण्याचे गोळे तरंगत असायचे.

"ही मोटरसायकल नाही, रवी आहे रवी," कोस्तादिनकाका म्हणाले होते. "मडकं बांध मागे, सगळ्या गावाचं ताक करून आण."

आम्ही तिघंही हसलो होतो.

तिसऱ्या चिठ्ठीनंतर डॉक्टरीणबाईंनी गोळी अर्धी केली. "आकड्याशिवाय मी एवढंच करू शकते," त्या म्हणाल्या.

चौथी चिठ्ठी मंगळवारी सकाळी आली. मी न्याहारी करत होते. ताटलीशेजारी चिठ्ठी, आणि मी पावाला आजीच्या दुधाचं लोणी लावत होते. सुरी हातातच राहिली. बाटली आणि रक्ताच्या नळ्या मी एकाच पिशवीत, शेजारी शेजारी ठेवत होते. चार फेऱ्या.

तेव्हाच अडसर गाठून पायी वर निघायला हवं होतं. मी तसं केलं नाही. मला खात्री करून घ्यायची होती. मी माझंच रक्त काढून दोन नळ्यांत भरलं. एक खिडकीत ठेवली, दुसरी पिशवीत घालून गाडीवरून तासभर खडकाळ वाटेने फिरवून आणली. मग दोन्ही उभ्या ठेवून संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. खिडकीतल्या नळीत वरचं पाणी गवताच्या काडीसारखं पिवळं होतं. दुसरीत बिटाच्या रसासारखं लाल, हादऱ्यांनी पेशी फुटलेल्या. निष्कर्ष स्वच्छ होता. मला, खोटं कशाला बोलू, थोडा आनंदही झाला.

बुधवारी गाडी घरी ठेवली, पावाच्या टेम्पोने अडसरापर्यंत गेले आणि तिथून चालत वर चढले. आजी उशांना टेकून बसली होती. आडवं झालं की तिला श्वास पुरत नव्हता.

"आज घोडा कुठाय तुझा?"

"आज पायी आले, आजी."

"पायी? मग आज लोणी नाही मिळायचं तुला." तरीही तिने काकांकडून बाटली भरून घेतली.

नऊ किलोमीटर मी नळी मुठीत धरून उतरले. अडसराशी प्रयोगशाळेची गाडी उभी होती. संध्याकाळी आकडा आला: ४.६. अगदी ठीक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी पूर्ववत करा, वर आणखी अर्धी द्या. उद्या सकाळी पहिलं काम हेच." घरी बाटली उघडली. आत दूधच होतं.

गुरुवारी सकाळी गोळ्या खिशात घालून मी गाडी काढली. बावीस मिनिटं. कोस्तादिनकाका तिच्या फाटकाशी उभे होते. आतून गाय हंबरत होती.

"पहाटे गेली," ते म्हणाले. "बसल्या बसल्याच. मी दूध काढायला आलो तेव्हा हात गरम होता."

माझी मूठ खिशातच राहिली.

"शहरात जाशील तेव्हा तिचे कागद छापून आण," ते म्हणाले. आमच्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो आणि नाव छापून दारोदारी चिकटवतात. "दहा पुरे. दारं चाळीस आहेत, पण वाचणारे दहाच."

"आणते, काका."

"गाडीवरूनच आण. कागदाचं काही लोणी होत नाही."

त्यांना काही माहीत नव्हतं. मी तेव्हाही सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी कागद दिले तेव्हाही नाही. दहाच्या दहा न चुरगळता पोचले होते. डिसेंबरमध्ये त्या गावाची फेरी बंद झाली. दहा माणसांसाठी परवडत नाही, असं पत्रात होतं.

"वाटेत कधी दगा दिला हिने?" क्रूमने विचारलं.

"कधीच नाही. दर वेळी पोचली."

"बघ! आणि तू दोष सांगत बसलीस." त्याने गाडी सुरू केली, वर बसला आणि आरशात पाहिलं. आरशात माझं घर, अंगण, मी, सगळंच धूसर हलत होतं.

"आरसा ढिला आहे," तो इंजिनाच्या आवाजावरून ओरडला. "पान्हा आहे का?"

मी पान्हा आणून दिला. त्याने बोल्ट आवळला, पुन्हा आरशात पाहिलं आणि पुन्हा आवळला.