तुमच्या मागे मी

बहीण गेल्याची खबर शेजाऱ्यांच्या फोनवर आली आणि बुरुलने रडायच्या आधी कढई चढवली. गेलेल्या माणसाला तळणीचा वास पोचवायचा असतो. परातभर बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळून, गाठोडं बांधून ती पहाटेच तलासहून निघाली. थोरली आयिमकान तिकडे कझाखस्तानात, अक्तोबेला दिलेली. दिली तेव्हा सगळा एकच देश होता. आता मध्ये सीमा, शिपाई आणि शिक्के. आयिमकानने शेवटचं एकच मागितलं होतं, "मला शेवटची आंघोळ बुरुलच घालेल. परक्या बायांचे हात नकोत." भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, परवा दुपारपर्यंत दफन थांबवतो. त्यापुढे मुल्ला माझं ऐकणार नाही."

म्हणजे आजचीच गाडी. उद्याची धरली तर थडग्यालाच भेटायचं.

सीमेपलीकडच्या तराझ स्टेशनात शिरताच तिने दमदार आवाजात विचारलं, "शेवटचं कोण?" रांग कधी दिसते तेवढी नसतेच. निम्मी माणसं बाहेर धूर काढत असतात, कुणी चहा पीत असतं. शेवटच्याला "तुमच्या मागे मी" म्हणायचं, की जागा आपली. नोटा बदलल्या, झेंडे बदलले, ही रीत काही कुणी बदलली नाही.

"मी शेवटची, आपा!" उत्तर आलं ते चक्क किरगिझमध्ये. तलासच्याच हेलात!

"अगं बाई, तू तलासची? कुणाची गं?"

केंजेगुल तिचं नाव. कपड्यांचे गठ्ठे घेऊन धंद्याला निघालेली, बोलकी, हसरी. परमुलखात आपली बोली ऐकली आणि बुरुलचा बांधच फुटला. बहीण, आंघोळ, परवा दुपार, सगळं सांगून टाकलं. गाठोडं सोडून बोर्सोक पुढे केले. केंजेगुलने चार खाल्ले, डोळे मिटले, दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवून आयिमकानसाठी दुवा मागितली.

"रडू नका, आपा. एकाच डब्यातून जाऊ. आणि पैसे बदललेत ना? ही खिडकी आपले सोम घेत नाही हं."

बुरुलने कपाळावर हात मारला. बदलायचं राहिलंच होतं की!

"मग पळा चौकात. मी आहे ना इथे!"

बुरुल पळाली. आता खरं तर मागे उभ्या राहिलेल्या टोपीवाल्यालाही सांगायला हवं होतं. पुढच्याला सांगायचं आणि मागच्यालाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण गाववाली भेटल्यावर टोपीवाल्याला कोण विचारतं!

नोटा बदलून ती धापा टाकत परतली, तर केंजेगुल खिडकीशीच होती. आतली बाई म्हणत होती, "अक्तोबेच्या दोनच जागा उरल्यात."

"दोन्ही द्या," केंजेगुल म्हणाली आणि दोन पासपोर्ट आत सरकवले. एक तिचा, एक बाहेर सिगारेट ओढत बसलेल्या दिराचा.

"अगं, मी आले!" बुरुल पुढे झाली. "केंजेगुल, एक माझी ना?"

टोपीवाला खेकसला, "ओ आपा, मध्ये कुठे घुसताय? रांग आहे!"

"मी हिच्या मागे होते. विचारा तिला!"

सगळे केंजेगुलकडे बघायला लागले. ती बुरुलकडे बघेना. तिने कझाखमध्ये, अगदी स्वच्छ कझाखमध्ये सांगितलं, "मी हिला ओळखत नाही."

मेलीच्या ओठांना अजून बोर्सोकचं तेल होतं.

"माझं खाल्लंस तू! माझ्या बहिणीसाठी हात फिरवलास तोंडावरून!" बुरुल ओरडली. पण तिची ओरड किरगिझमध्ये, तिथे कोण मनावर घेणार? कुणीतरी हसलं. "बाहेरून येतात आणि घुसखोरी करतात." केंजेगुल तिकिटं घेऊन, मान खाली घालून निघून गेली.

गाडी गेली तेव्हा बुरुल बाकावर बसलेली होती. आयिमकानला आता परके हात लागणार. लहानपणी तिचे केस धुताना बुरुल मुद्दाम डोळ्यांत साबण घालायची, आणि ती किंचाळायची. तेच आठवत राहिलं.

थोड्या वेळाने ती उठली. थडगं तर थडगं. उद्याच्या तिकिटाच्या रांगेत उभी राहिली.

"शेवटचं कोण?" एका तरुण बाईने विचारलं. कडेवर रडून लाल झालेलं पोर.

"मी."

"मग तुमच्या मागे मी हं, आपा. ह्याला तेवढं पाजून येते. नवरा दवाखान्यात आहे हो तिकडे, उद्या निघायलाच हवं."

बुरुलने मान हलवली. बाई विश्वासाने निघून गेली.

मग एक म्हातारा काठी टेकत आला. "शेवटचं कोण?"

बुरुलने बाकाच्या दिशेने बघितलं. ती बाई पाठ करून पोराला पाजत होती.

"मी," बुरुल म्हणाली. "माझ्या मागे कुणी नाही."

म्हाताऱ्यामागे आणखी पाचसहा जण लागले. बुरुलचं तिकीट झालं, तोवर बाई परतली, आणि गलका उडाला.

"आपा!" ती मागून हाका मारत होती. "आपा, सांगा ना ह्यांना! तुमच्या मागेच होते ना मी?"

बुरुलने बोर्सोकच्या गाठोड्याला आणखी एक गाठ मारली आणि वळून न बघता रात्र काढायला फलाटाकडे चालू लागली.