एकाच पत्त्याचा परवाना

मी एक जुना, कोपऱ्याला भोक पाडलेला कामाचा परवाना आहे. तळहातावर मावेल एवढं प्लॅस्टिकचं कार्ड. मित्रांनो, परक्या देशात जाऊन काम करायचं, तर तिथल्या सरकारकडून माझ्यासारखं कार्ड मिळवावं लागतं. ते नसेल तर हातात कितीही कसब असो, माणसाला कुणी दारात उभं करत नाही.

एका कचेरीतल्या यंत्राच्या पोटातून मी गरमगरम बाहेर पडलो. माझ्यावर एका माणसाचा फोटो होता, त्याचा धंदा होता, इस्त्रीकाम, आणि एका लाँड्रीचा पत्ता होता. पाठीवर त्या देशाच्या भाषेत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत नियम होते. माझ्या धन्याला त्या भाषेतलं 'गरम', 'घडी' आणि 'उद्या या' एवढंच येत होतं. त्याने मला उलटून पाहिलं, एक फुंकर मारली आणि शर्टाच्या खिशात जपून ठेवलं.

त्या खिशात मी चौतीस महिने राहिलो. दिवसभर वाफ आणि ओल्या चादरींचा वास. जेवताना तो भिंतीकडे तोंड करून बसे, म्हणजे समोरची खुर्ची रिकामी दिसत नसे. तीन वर्षं कार्डावर एकही ठपका आला नाही, तर बायको-मुलीला बोलावता येईल, असं त्याला कचेरीत सांगितलं होतं. त्यावरच तो दिवस ढकलत होता.

"किती राहिले हो?" बायको फोनवर विचारी.

"दोन महिने."

"मागच्या वेळीही दोनच म्हणालात!"

"अगं, मागची वेळ म्हणजे परवा."

मग चार वर्षांची लेक फोन ओढून घेई. "बाबा, तिकडे माझी उशी आहे का?"

दुसऱ्याच दिवशी त्याने छोटी उशी आणली. तिचं प्लॅस्टिक मात्र काढलं नाही.

लाँड्रीला लागून एका शिंपीकाकांचं दुकान होतं. ते आपल्याच भाषेचे, पण तीस वर्षांपूर्वी तिथे येऊन तिथलेच झालेले. त्या अख्ख्या गल्लीत धन्याला "जेवलास का रे?" असं विचारणारे तेवढे एकच. एका सुट्टीच्या दिवशी काकांची कंबर धरली.

"दोन कोट आजच द्यायचेत रे. तेवढी इस्त्री फिरव ना, बाबा."

"एवढंच ना? बसा तुम्ही, काका."

अडल्यानडल्याला धावून जायचं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. दुसऱ्या कोटाची बाही चालू होती, तेवढ्यात नेहमीच्या तपासणीला निघालेल्या तपासनीस बाई आत आल्या. त्यांनी मला मागून घेतलं. काका दुभाषे झाले.

"ही तर तुमच्या कामाची जागा नाही."

"बाई, एक पैसा घेतला नाही. शेजारधर्म आहे हा!"

काकांनी शेजारधर्म कसाबसा समजावून सांगितला. बाईंना तो कळला असावा, कारण त्या क्षणभर थांबल्या. मग त्यांनी मला उलटं केलं आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. कार्डावरचा पत्ता सोडून दुसरीकडे, फुकटसुद्धा, काम करू नये.

मित्रांनो, चौतीस महिने ती ओळ त्याच्या छातीला टेकलेली होती. मला ती सांगता आली नाही.

त्याला परत पाठवलं नाही, एवढं नशीब. माझ्या कोपऱ्याला भोक पाडलं, त्याला नवं कार्ड दिलं, आणि तीन वर्षांची मोजणी पहिल्या दिवसापासून सुरू झाली. मी आता त्याच्या खोलीतल्या खणात असतो. तिथूनच मी तो फोन ऐकला.

"पहिल्यापासून?" बायको म्हणाली. "तोवर ती दुसरीत जाईल हो."

"जाऊ दे की. हुशार आहे ती," तो म्हणाला आणि हसला. हसणं लवकर संपलं.

काकाही ओशाळले आहेत. ते आता काही विचारत नाहीत. दोघं रस्त्यात दिसले की लांबूनच हात करतात.

मित्रांनो, तुमच्या ओळखीत कुणाकडे असं कार्ड असेल, तर ते भिजू देऊ नका, वाकू देऊ नका. पण एवढ्यावर थांबू नका. तुम्हाला शाळेत वाचायला शिकवलं आहे. त्याच्याजवळ बसा आणि दोन्ही बाजू त्याला त्याच्या भाषेत, सावकाश वाचून दाखवा. मोठी माणसं लाजतात. ती स्वतः होऊन विचारणार नाहीत.